हवालदार मामांचा सलाम

आबांची चावी दाराच्या मागे भिंतीला टेकून उभी असायची. ही चावी कुलपाची नव्हे. छातीइतकी उंच लोखंडी सळई, वर धरायला आडवी मूठ आणि खाली चौकोनी तोंड. ते रस्त्याखालच्या वॉलवर, म्हणजे नळाच्या झडपेवर, बसवून फिरवलं की गल्लीत पाणी यायचं. आबा नगरपालिकेच्या पाणीखात्यात लाईनमन होते आणि शहागंजच्या मागच्या नऊ गल्ल्या त्यांच्याकडे होत्या. पहाटे ते चावी उचलत तेव्हा तिचं टोक फरशीवर एकदा ठण्णकन वाजे आणि त्या आवाजासरशी माझा भाऊ गौतम अंथरुणात ताठ उठून बसे. तो आधी चपला घाली आणि मग डोळे उघडी, असं माय म्हणायची. मग ती रोजचं एक वाक्य बोले, "आरं, तोंड तर धू. पाणी सोडणाऱ्याच्या घरातला तू, अन् पारोसाच निघालास?" गौतम म्हणे, "व्हय," आणि तसाच निघे.

गौतम माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. जन्मला तेव्हा तो उशिरा रडला, आणि मग त्याचं सगळंच उशिरा आलं. पाचव्या वर्षी चालला, सातव्या वर्षी बोलला, आकडे मात्र आलेच नाहीत. चारपर्यंत मोजायचा; त्यापुढे सगळं 'लई'. पण त्या नऊ गल्ल्या त्याला पाठ होत्या. आबा वॉलवर चावी बसवत आणि गौतम पुढे धावत जाऊन ओरडे, "पाणी आलं, भरा भरा!" गल्लीच्या कोपऱ्यावर मशीद आली की तोच आवाज पालटे, "पानी आया, भरो भरो!" कुठं काय ओरडायचं यात तो कधी चुकला नाही. त्याच्यामागे हंडे-घागरी खणखणत, दारं उघडत, कुणी आपा त्याच्या हातावर रात्रीची नान ठेवी, कुणी मावशी गुळाचा खडा. परत येईस्तोवर त्याचे दोन्ही खिसे तेलकट झालेले असत. घरी माय भाकरी थापत बसलेली. भाकरीचा वरचा पापुद्रा गौतमचा, हा घरातला कायदा होता. येसराची आमटी, म्हणजे भाजलेल्या धान्याच्या मसाल्याची, चुलीवर रटरटत असे, आणि गौतम पापुद्र्याची द्रोणासारखी वाटी करून तिच्यात आमटी घेऊन प्यायचा. अर्धी सदऱ्यावर सांडायची. आबा म्हणायचे, "सदऱ्यालाबी भूक लागलीय त्याच्या."

त्याच्या 'व्हय'बद्दल इथेच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. गौतमला काहीही विचारलं की तो 'व्हय' म्हणायचा. जेवलास का? व्हय. भूक लागली का? व्हय. जेवून भूक लागली का? व्हय. आमच्या घरात हा खेळच होता, आणि त्यातला मुख्य खेळिया मी. पाहुणे आले की मी त्याला पुढे करायचो. गौतम, तू कलेक्टर हायस का? व्हय. तुला चार बायका हायेत का? व्हय. पाहुणे हसत, गौतमही हसे, सगळ्यांत जोरात. आपल्या उत्तरानं माणसं खूश होतात एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याच्या 'व्हय'ला काही वजन नसतं, हे जगात सगळ्यांत चांगलं मला माहीत होतं. हे वाक्य मी मुद्दाम लिहून ठेवतोय.

आमच्यापासून दोन घरं सोडून जाधव हवालदार राहायचे. आम्ही त्यांना मामा म्हणायचो, नात्यानं काही नव्हते. रात्रपाळी संपवून ते घरी येत तेव्हा आबा आणि गौतम कोपऱ्यावरच्या वॉलपाशी असत. मामा रस्त्याच्या मधोमध थांबत, बुटाच्या टाचा खाडकन जुळवत आणि गौतमला सलाम ठोकत. "पाणीवाले साहेब, ड्यूटी संपली. घरी जाऊ का?" गौतम डाव्या हातानं सलाम करी, कायम डाव्याच, आणि म्हणे, "व्हय." मगच मामा घरी जात. मी हे इतक्या वेळा पाहिलं होतं, पण एक गोष्ट तेव्हा कधी लक्षात आली नाही. आख्ख्या वस्तीत माझ्या भावाला साहेब म्हणणारा आणि त्याची परवानगी घेऊन पुढे जाणारा तो एकच माणूस होता.

मी सतरा वर्षांचा झालो आणि कॉलेजात गेलो. आमच्या घराण्यातला पहिलाच. आबांनी त्या दिवशी जिलबीसारख्या जाड इमरत्या आणल्या आणि नऊही गल्ल्यांत घरटी एकेक वाटली. मला नवी पँट मिळाली, आणि तिच्याबरोबर, कशी कुणास ठाऊक, लाज मिळाली. आधी मला कशाचीच लाज नव्हती. आता आबांची चावी, मायचं 'नाय' आणि 'व्हय', गौतमचे तेलकट खिसे, सगळ्याची वाटू लागली. घरी मी 'नाही' म्हणायला लागलो. माझं नाव अशोक; माय गमतीनं म्हणायची, "अश्याच्या 'नाय'ला 'ही' फुटली."

वर्गातले तीन मित्र झाले होते. त्यातल्या एकाचं घर आबांच्या नवव्या गल्लीत होतं, पण हे मला तोवर माहीत नव्हतं. एका सकाळी आम्ही चौघं त्याच्या घरासमोर उभे राहून वह्या बदलत होतो, आणि गल्लीच्या तोंडाकडून तो आवाज आला. पाणी आलं, भरा भरा. मी पाठ फिरवली. पाठीवरून मला ओळखणारा माणूस जगात एकच, आणि तो धावत आला. "अशू! माझा अशू!" म्हणून त्यानं मला मिठी मारली, खिशातून अर्धी नान काढली आणि माझ्या तोंडाला लावली. मित्र हसले. वाईट हसले नाहीत, कुणीही हसला असता तसे हसले. एकानं विचारलं, हा कोण? मी म्हणालो, "पाणीवाल्याबरोबर असतो. वेडा आहे जरा." आबा वीस पावलांवर वाकून चावी फिरवत होते. त्यांनी ऐकलं की नाही, हे मी त्यांना शेवटपर्यंत विचारलं नाही.

दुपारी घरी आलो. आबा झोपले होते, माय बाहेर येसर कांडत होती. गौतम ओट्यावर बसून चपलेच्या अंगठ्यात सुतळी ओवत होता. मी त्याच्यासमोर उकिडवा बसलो आणि अगदी हळू आवाजात म्हणालो, "गौतम, तू गल्लीत ओरडतोस ना, त्याची तक्रार गेलीय. हवालदारानं तुझं नाव लिहून घेतलंय. आता परत ओरडलास की धरून नेणार." तो हसला. त्याला वाटलं, खेळ आहे. मी हसलो नाही. मग त्याचाही चेहरा हळूहळू बदलला. एवढंच. पाऊण मिनिटसुद्धा लागलं नसेल. त्या दिवशी रात्री मायनं वांग्याचं भरीत केलं होतं आणि गौतमनं ते खाल्लं नाही.

दुसऱ्या दिवशी चावी ठण्णकन वाजली आणि गौतम उठला नाही. आबांनी बळंच नेलं. कोपऱ्यावर मामांनी टाचा जुळवून सलाम ठोकला, तसा तो गुरासारखा ओरडत घरी पळत आला आणि खाटेखाली शिरला. त्यानंतर तो बाहेर पडेना. दिवसभर गोधडी डोक्यावरून घेऊन बसायचा आणि पुटपुटायचा, "नाव नको. नाव नको." पहाटे चारलाच जागा होऊन दाराकडे बघत राहायचा. स्वतःच्या मनगटाला चावून चावून त्यानं घट्टा पाडला. मायनं मीठ-मोहऱ्या उतरवल्या. आबांना असलं काही चालत नसे, तरी ते तेवढ्यापुरते अंगणात जाऊन उभे राहिले. येणारे-जाणारे सांगत, अशा पोरांचं असंच असतं, वय वाढलं की बिघडतात. हे ऐकून मला बरं वाटायचं. अशा पोरांचं असंच असतं म्हटलं, की मग ते कुणी केलेलं नसतं.

महिनाभरानं आबा त्याला दवाखान्यात घेऊन गेले. मलाही नेलं. "डाक्टरनं इंग्रजीत काय इचारलं तर अशोक सांगंल." डॉक्टर भले होते, पण बाहेर रांग होती. गौतमकडे बघून त्यांनी आधी कागदावर जन्मापासूनचं लिहिलं, मग भराभर विचारलं. कानात आवाज येतात का? व्हय. कुणी तुझ्या मागावर आहे असं वाटतं का? व्हय. पोलीस? व्हय. ते तुझ्याबद्दल बोलतात, ते तुला ऐकू येतं? व्हय. पाहुण्यांसमोरचा माझाच खेळ माझ्यासमोर चालला होता, फक्त कुणी हसत नव्हतं. डॉक्टर माझ्याकडे वळले. "तू शिकलेला दिसतोस. पूर्वी याचा पोलिसांशी काही संबंध आला होता? कुणी भीती घातली होती?" मी म्हणालो, "नाही." 'ही' स्पष्ट उच्चारून. गोळ्या लिहून दिल्या गेल्या. आबांना सांगितलं गेलं, की महिन्यात फरक पडला नाही तर परगावच्या वेड्यांच्या मोठ्या इस्पितळात ठेवावं लागेल, आणि तिथं किती दिवस ते सांगता येत नाही.

गोळ्यांनी गौतम शांत झाला. इतका, की पापुद्र्याची वाटी त्याच्या हातात तशीच राही आणि आमटी गार होई. मान आखडली, तोंडातून लाळ गळू लागली. माय ती पदरानं पुसायची आणि माझ्याकडे न बघता म्हणायची, "तिकडं याची भाकर कोण मोडून देईल रं?" मी पुस्तकात डोकं घालून बसायचो. त्या वर्षी मला चांगले मार्क पडले, हेही लिहायला हवं.

पुढच्या फेरीला डॉक्टर म्हणाले, मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी द्यायच्या आधी आमच्या बाईंना एकदा दाखवा. ती खोली दवाखान्याच्या मागच्या बाजूला होती. तिथं दर गुरुवारी नसरीन बाई येत. त्या डॉक्टर नव्हत्या. रोग्याच्या घरचं, मनाचं विचारून डॉक्टरांना सांगणं हे त्यांचं काम. जाड भिंगाचा चष्मा, पायात रबरी चपला. त्यांनी आम्हाला खुर्च्यांवर बसवलं आणि स्वतः गौतमजवळ सतरंजीवर बसल्या. चहा मागवला. बराच वेळ काही विचारलंच नाही. गौतमनं चहा बशीत ओतला, त्यांनीही ओतला. त्यानं फुंकर मारली, त्यांनीही मारली. मग अगदी गंभीरपणे त्या म्हणाल्या, "गौतम, तू हत्ती आहेस का?"

"व्हय."

"मी पण हत्ती आहे का?"

"व्हय."

"आणि हे तुझे अब्बा, हे पण हत्ती?"

"व्हय."

आबांना हसू फुटलं. कित्येक दिवसांत पहिल्यांदा. माय पदर तोंडाला लावून हसत होती आणि रडतही होती. बाई डॉक्टरांचा कागद हातात घेऊन म्हणाल्या, "मग या कागदावरचे सगळे व्हयसुद्धा हत्तीच आहेत." त्यांनी आम्हाला समजावलं, ते मला आजही शब्दशः आठवतं. या मुलाला आयुष्यभर कळलंय, की हो म्हटलं की माणसं खूश होतात. तो तुम्हाला अदब म्हणून हो देतो. त्याला दोन गोष्टी समोर ठेवून विचारा, ही की ती. मग थोड्या वेळानं उलटं करून विचारा, ती की ही. काही जण शेवटचा शब्दच धरतात म्हणून. दोन्ही वेळा तेच म्हणाला तर ते त्याचं उत्तर. आणि 'का' विचारू नका, 'का' अवघड असतं. कोण, कुठं, काय, एवढंच.

मग त्यांनी आबा-मायला विचारायला सुरुवात केली. पूर्वी सकाळी काय करायचा? कुणाशी बोलायचा? काय आवडीनं खायचा? किती झोपायचा? आणि हे सगळं नक्की कधीपासून बदललं? आबांना तारीख आठवेना. मायला आठवली, तिच्या पद्धतीनं. "येसर कांडलं त्या दिवशी. रातीला भरीत केलतं. त्यानं हात लावला नाय. त्याच्या आदल्या दिशी दोन भाकरी खाल्ल्यात बघा." बाईंनी ते लिहून घेतलं, अगदी भरीतसुद्धा. म्हणाल्या, आजार असा एका दुपारी येत नाही. त्या दुपारी काहीतरी झालंय. मग पाटीवर तीन तोंडं काढली, एक हसरं, एक रडकं, एक भ्यालेलं. गौतमनं भ्यालेल्यावर बोट ठेवलं. पाटी उलटी फिरवली, तरी बोट तिथंच गेलं. मग त्यांनी काही चित्रं काढली. चावी काढली, तिच्यावरून त्यानं बोट फिरवलं. पोलिसाची टोपी काढली, तेव्हा त्यानं तळहातानं ती पुसून टाकली आणि हात सदऱ्याला घासला.

बाई म्हणाल्या, याच्या कानात कुठले आवाज नाहीत. कुणीतरी याला खरंच घाबरवलंय आणि याचं आवडीचं काम सुटलंय, म्हणून हा भ्यालाय आणि दुःखी आहे. हा तसाच जन्मलाय म्हणून त्याचं सगळं दुःख त्या खात्यावर टाकू नका. डॉक्टरांना सांगून गोळ्या कमी करवते, मोठ्या इस्पितळाची गरज नाही. कोणी घाबरवलं ते पुढच्या गुरुवारी सावकाश काढू, तोवर घरी कुणी खोदून विचारू नका. उठताना त्या मला म्हणाल्या, "तू पण ये रे गुरुवारी. तुझ्याशी एकट्याशी बोलायचंय." त्यांच्या जाड भिंगांतून मला काही वाचता आलं नाही. त्यांना बरंच वाचता आलं असावं.

टांग्यात आम्ही चौघं. इस्पितळ टळलं या आनंदात माय घोड्यालाही काहीबाही बोलत होती. टोपीचं चित्र मात्र आबांच्या डोक्यातून जात नव्हतं. शेवटी त्यांना राहवलं नाही. गौतमच्या गुडघ्यावर हात ठेवून त्यांनी विचारलं, "गौतम, जाधव हवालदारानं भेडवलं का रं तुला?"

"व्हय," गौतम म्हणाला.

अर्ध्या तासापूर्वी ज्या माणसाला मुलानं हत्ती ठरवलं होतं, त्याच माणसानं हे 'व्हय' उचललं आणि गाठीला बांधलं. मी शेजारीच बसलो होतो. 'आबा, तुम्ही चुकीचं विचारलं,' एवढे चार शब्द मला बोलता आले असते. त्यात माझं नावही घ्यावं लागलं नसतं. मी घोड्याच्या कानांकडे बघत राहिलो.

आबा टांग्यातून उतरून थेट मामांच्या दारात गेले. मामा दाढी करत होते, अर्ध्या तोंडाला साबण. आबा रागानं फार बोलणारे नव्हते. एवढंच म्हणाले, की आमच्या येड्या लेकराला तुम्ही धाक घातला, आम्ही तुम्हाला घरातलं समजत होतो. मला वाटलं होतं मामा चिडतील, नाकारतील, भांडण होईल आणि त्या भांडणात सगळं बाहेर पडेल. तसं झालं नाही. मामा वस्तरा हातात धरून उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "मस्करी करत व्हतो हो मी रोज. त्याला भ्या वाटलं असंल तर माझीच चुकी." त्यांनी साबण पुसला, डोक्यावर काही न घालता आमच्या दारापर्यंत आले आणि उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "साहेब, माफी करा. नाय करणार पुन्हा." गौतम गोधडीत होता. त्या दिवसापासून मामा घरी यायला मागची गल्ली वापरू लागले. काही महिन्यांनी त्यांची बदली देवगाव रंगारीला झाली. ती त्यांनी मागून घेतली होती, असं पुढे कळलं.

गुरुवारी मी परीक्षेचं निमित्त काढलं. त्याच्या पुढच्या गुरुवारीही. नसरीन बाईंनी निरोप पाठवला, की गौतमला सकाळी बाहेर काढा आणि त्याच्या धाकट्या भावानं रोज त्याच्याबरोबर जायचंच, हे औषध समजा. मग काय, मी निघालो. आयुष्यातल्या सगळ्यांत चांगल्या सकाळी मला अशा शिक्षेपोटी मिळाल्या. पहिले आठ दिवस गौतम माझा सदरा मुठीत धरून चालला. मग सदऱ्याऐवजी चावी धरली. गोळ्या उतरल्या, मान सैल झाली. एका सकाळी पाचव्या गल्लीतल्या आपानं खिडकीतून हाक मारली, "क्या गोतम, पानी आया की नहीं, बोलेगा कौन?" गौतमनं आधी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, ओरड. त्यानं पुन्हा बघितलं. "नाव?" मी म्हणालो, "नाव खोडलं." तेव्हा तो इतक्या जोरात ओरडला, की मशिदीवरची कबुतरं उडाली आणि सगळ्या गल्लीनं दारात येऊन त्याला आपापली भांडी वाजवून दाखवली. आबा वॉलवर वाकले होते ते सरळच होईनात, डोळे पुसत राहिले. गौतम मला म्हणाला, "तू बी." मी म्हणालो, माझा घसा बसलाय. तो घसा पुढं आयुष्यभर बसलेलाच राहिला.

आता मी अडुसष्टचा, गौतम सत्तरचा. आबा आणि माय कधीच गेले. शहराचं नाव बदललं, पाणी अजून वार बघूनच येतं. आमच्या कॉलनीत पाणी यायचं असलं की मोबाइलवर निरोप येतो, पण लोक त्यावर विश्वास ठेवत नाहीत. गौतमकाका ओरडले की मोटारी सुरू करतात. मी नोकरी केली, संसार केला, भावाला जन्मभर सांभाळलं म्हणून चार लोकांत माझं कौतुक झालं, शाल मिळाली. ती शाल मी गौतमला दिली. का दिली ते घरात कुणाला कळलं नाही.

गेल्या महिन्यात गौतमला घेऊन एसटीनं देवगाव रंगारीला गेलो. मामांना जाऊन वर्षं झाली हे ठाऊक होतं. त्यांचा मुलगा सुभाष, साठीचा, बी-बियाण्यांचं दुकान चालवतो. ओळख सांगितल्यावर त्यानं गल्ल्यावरून उठून गौतमचे दोन्ही हात धरले. "पाणीवाले साहेब ना तुम्ही? बाबा लई आठवण काढायचे." आत घेऊन गेला, बसवलं. म्हणाला, शेवटच्या दिवसांत बाबांचं एकच चालायचं. टाच जरा जोरात वाजली असंल माझी, पोरगं भ्यालं. हळू सलाम करायला पायजे व्हता.

मी येताना बसमध्ये शब्द जुळवले होते, ते सगळे गेले. भिंतीवर मामांचा फोटो होता, गणवेशातला, टोपीसकट. मी सांगायला तोंड उघडतोय तोच गौतम काठी टेकत उठला, फोटोसमोर गेला आणि डाव्या हातानं सलाम केला. भ्याला नाही. पुसलं नाही. मग मी त्याला खाटेवर बसवलं, समोर बसलो, आणि सुभाषच्या देखत, नसरीन बाईंनी शिकवलं होतं तसं पन्नास वर्षांनी विचारलं.

"गौतम, तुला भीती कोणी घातली होती? अशूनं की हवालदार मामांनी?"

"अशूनं."

मी पाणी प्यालो. सुभाषनं चहाचं काहीतरी काढलं. थोडा वेळ जाऊ दिला आणि उलटं करून विचारलं.

"हवालदार मामांनी की अशूनं?"

त्यानं माझ्याकडे जरा वैतागून बघितलं. एकच गोष्ट किती वेळा सांगायची, तसं. "अशूनं."

म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं, तेव्हापासून. त्यानं लपवलं नव्हतं. कुणी नीट विचारलंच नव्हतं. मग मी सुभाषला त्या दुपारपासून टांग्यापर्यंत सगळं सांगितलं, काही न वगळता. त्यानं हातातला कप खाली ठेवला. म्हणाला, "बाबा होते तवा यायला पायजे होतं तुम्ही." मी म्हणालो, होय. त्यानं आणखी काही ऐकवलं नाही, ऐकवलं असतं तर बरं झालं असतं. त्याच्या बायकोनं जेवू घातलं. गौतमनं पापुद्रा काढून वाटी केली, सुभाष बघत राहिला आणि मग त्यानंही केली. आमटी दोघांच्याही सदऱ्यावर सांडली. निघताना सुभाष एसटी स्टँडपर्यंत आला. गौतम बसमध्ये चढला तेव्हा सुभाषनं आजूबाजूला बघितलं, चपलांच्या टाचा जुळवल्या, अगदी हळू, आवाज न करता, आणि सलाम केला. "साहेब, घरी जाऊ का?"

"व्हय," गौतम म्हणाला.

दुसऱ्या दिवशी कॉलनीत पाण्याचा वार होता. गौतम तोंड न धुता चपला घालून फाटकाशी गेला. मीही गेलो. नळानं आधी हवा सोडली, मग खाकरला. गौतमनं माझ्याकडे बघून म्हटलं, "तू बी." या वेळी मी घशाचं काही सांगितलं नाही. मी ओरडलो, पाणी आलं, भरा भरा. आवाज फाटला. समोरच्या बंगल्यातल्या बाई खिडकीत आल्या, कोण ओरडतंय म्हणून बघू लागल्या. गौतमनं मान हलवली. त्याला पसंत पडलं नव्हतं.

"जोरात," तो म्हणाला.